निदान यंत्र करेल, उपचार गाइडलाइन ठरवेल. मग फिजिशियनने करायचं काय?

मेडिसिन, म्हणजे फिजिशियन होण्याची शाखा, घ्यावी की नाही या विचारात असलेल्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे. आजार ओळखायला सॉफ्टवेअर येतंय, उपचार गाइडलाइनमध्ये, म्हणजे तज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या नियमावलीत, छापून तयार आहेत, बीपी-शुगरचे फॉलोअप नर्स आणि फार्मासिस्ट बघू लागलेत, प्रत्येक अवयवाला वेगळा स्पेशालिस्ट आहे. अशा वेळी साध्या फिजिशियनच्या वाट्याला काय उरतं, आणि पुढची तीस वर्षं ही शाखा तग धरेल का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. काम उरलंय, उलट वाढलंय, पण ते जागचं हललंय. पूर्वी फिजिशियनला मान होता तो त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायचं म्हणून. आता माहिती सगळ्यांकडेच आहे. आपल्याकडे येतं ते त्यापुढचं काम: पाच जणांनी सांगितलेल्या, एकेकट्या बघितल्या तर अगदी बरोबर असलेल्या गोष्टी एकाच माणसाला झेपतील अशा बसवायच्या, त्यातल्या काही सरळ काढून टाकायच्या, आणि त्या निर्णयाखाली स्वतःची सही करायची. गोम अशी आहे की आपण ज्या व्यवस्थेत काम करतो तिच्या हिशेबात हे काम कुठे दिसतच नाही. तुमच्या प्रश्नातली धाकधूक मला समजते, पण ती यंत्रापेक्षा या हिशेबाबद्दल असायला हवी.

आपल्या शाखेच्या भूतकाळाला आपण उगाच सोन्याचा मुलामा देतो. लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप बनवला आणि पुढची शंभर वर्षं छातीतले आवाज अधिकाधिक बारकाईने ऐकता येऊ लागले, उपचार मात्र बऱ्याच अंशी होते तिथेच राहिले. न्यूमोनिया फुप्फुसाच्या कोणत्या भागात आहे हे बोट ठेवून सांगणारे नामांकित फिजिशियन होते. पेशंट वाचेल की नाही हे मात्र त्याच्या अंगच्या ताकदीवर सोडावं लागायचं. निदानाला एवढं वजन आलं त्यात हे एक कारण होतंच, की निदानापुढे हातात फारसं काही नव्हतं. मग जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचा मधुमेह बरा झाला नाही, पण तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. बरा न होणारा, पण औषधावर वर्षानुवर्षं जगणारा असा एक नवाच पेशंट वैद्यकात आला. आज आपली ओपीडी त्यानेच भरलेली असते, आणि त्याला आता एक सोडून पाच आजार असतात.

गाइडलाइनपासून सुरुवात करू, कारण फिजिशियन निकामी होण्याची भीती सगळ्यात आधी तिथूनच आली होती.

गाइडलाइनला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. अनुभवी डॉक्टरांच्या अनुभवाने किती माणसं मारली आहेत हे १९८९ मध्ये एका चाचणीने दाखवून दिलं. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे जादा ठोके पडायचे अशांना ते ठोके दाबणारी औषधं दिली जात. तर्क बिनतोड होता: जादा ठोके धोक्याचे, औषधाने ते कमी होतात, ईसीजीवर सुधारणा डोळ्यांनी दिसते. कॅस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणारे पेशंट खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने दगावले. ईसीजी सुधारला होता, माणसं गेली होती. हे वाचल्यावर ‘माझ्या अनुभवात तर हे औषध उत्तम चालतं’ असं म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

पण गाइडलाइन एका वेळी एका आजाराबद्दल बोलते. २००५ मध्ये सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग कागदावर करून पाहिला. त्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, फुप्फुसांचा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), हाडांचा ठिसूळपणा आणि सांधेदुखी, म्हणजे कुठल्याही ओपीडीत रोज भेटणारे पाच आजार. प्रत्येक आजाराची गाइडलाइन त्यांनी इमानेइतबारे पाळली. बाईंच्या नावावर १२ औषधं झाली, वर खाण्यापिण्याची आणि व्यायामाची लांबलचक पथ्यं, आणि त्यातल्या काही सूचना एकमेकींना छेद देणाऱ्या. या यादीत कुणाचीही चूक नव्हती.

अशी यादी प्रत्यक्षात कशी तयार होते ते एका उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ऐंशीच्या घरातल्या एक आजी मुलीबरोबर आल्या. तक्रार मुलीची होती: “आई हल्ली असंबद्ध बोलते. विसरण्याची गोळी सुरू केलीय, पण फरक नाही. ती वाढवायची का?” मी पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला सांगितली. एरवी आपण ती आजारांनुसार लावतो. मी ती सुरू झाल्याच्या तारखेनुसार लावतो आणि तुम्हीही तसंच लावा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सगळ्यात आधी बीपीसाठी ॲम्लोडिपिन, पुढे डोस वाढवून दहा मिलिग्रॅम. त्यानंतर काही महिन्यांनी पायांवर सूज, म्हणून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड. मग वारंवार लघवीला जावं लागतं, कधी कपड्यातच होते, म्हणून मूत्राशय शांत करणारं ऑक्सिब्युटिनिन. मग तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि गोंधळ. कोरडीसाठी कुणी काही दिलं नव्हतं, बद्धकोष्ठासाठी पावडर होती आणि गोंधळासाठी डोनेपेझिल, म्हणजे ती विसरण्याची गोळी. मग मळमळ, म्हणून आणखी एक गोळी. ॲम्लोडिपिनची सूज ही अंगात पाणी साठल्याची सूज नसते. लहान रोहिण्या सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. लघवी तेवढी वाढते. आणि ऑक्सिब्युटिनिन नेमकं ज्या रसायनाचं काम अडवतं तेच वाढवण्यासाठी डोनेपेझिल द्यायचं असतं. दोन स्पेशालिस्टांनी दोन बाजूंनी एकच दोरी ओढायला घेतली होती आणि मध्ये आजी उभ्या होत्या.

यातलं एकही प्रिस्क्रिप्शन वेडगळ नव्हतं. ज्या दिवशी जो डॉक्टर बसला होता त्याने समोरच्या तक्रारीवर रास्त औषध दिलं होतं. फक्त नव्या तक्रारीचं कारण जुनं औषध असू शकतं का, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं. हे काम आपलं. ऑक्सिब्युटिनिन आधी थांबवलं, कारण गोंधळाचं खापर सगळ्यात जास्त त्याच्यावर फुटत होतं. मग ॲम्लोडिपिन कमी करत बीपीचं औषध बदललं, सूज उतरल्यावर फ्युरोसेमाइड बंद, आणि शेवटी डोनेपेझिल हळूहळू उतरवलं. दर वेळी एकच बदल आणि मध्ये दोनेक आठवडे, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. त्याआधी ज्यांनी ती औषधं दिली होती त्या सगळ्यांना फोन. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा, कारण तो टाळला तर पुढच्या भेटीत तेच औषध पुन्हा सुरू होतं. आजी पूर्ववत झाल्या का? नाही. थोडा विसराळूपणा राहिला, तो बहुधा खराच होता. पण त्या सलग बोलू लागल्या आणि कपडे ओले होणं थांबलं.

पहिल्या भेटीला पाऊण तास गेला. वेळापत्रकात त्या भेटीला दहा मिनिटं होती. रेकॉर्डमध्ये ती भेट ‘बीपी फॉलोअप’ म्हणून गेली, आणि कोणतीही नवी तपासणी किंवा औषध न लिहिल्यामुळे त्या दिवशीचं माझं सगळ्यात अवघड काम आकडेवारीत सगळ्यात किरकोळ ठरलं.

नर्स, फार्मासिस्ट वगैरेंबद्दल तुम्ही विचारलंत. हे काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा (पेशंट स्वतः तपासणारी नर्स) आणि ड्यूक विद्यापीठात फिजिशियन असिस्टंटचा (डॉक्टरचा प्रशिक्षित मदतनीस) अभ्यासक्रम सुरू झाला तो एकाच वर्षी, १९६५ मध्ये. तेव्हापासून डॉक्टरांच्या पोटावर पाय येणार अशी ओरड ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे: ठरलेल्या आजाराचा ठरलेला पाठपुरावा, म्हणजे बीपी मोजणं, इन्सुलिनचा डोस जुळवणं, मधुमेहींचे पाय तपासणं, दम्याचा पंप नीट ओढला जातो का ते बघणं, हे प्रशिक्षित नर्स आपल्याइतकंच चांगलं करते आणि बऱ्याचदा जास्त नेटाने करते. आपण पाय बघायचा विसरतो, ती विसरत नाही. तिच्याकडून हे काम काढून घेण्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

मात्र याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. सोपे पेशंट दुसरीकडे गेले की आपल्याकडे फक्त अवघड उरतात. पूर्वी वीस पेशंटांत दहा जण ‘सगळं ठीक, गोळ्या चालू ठेवा’ या वर्गातले असायचे. त्या दहांत डॉक्टरला श्वास घ्यायला मिळायचा, घरचं चार शब्द बोलणं व्हायचं, आणि पुढे कधी मोठं दुखणं आलं तर उपयोगी पडणारी ओळख तिथेच तयार व्हायची. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक गुंतागुंतीचे पेशंट येतात आणि प्रत्येकाला मिळणारी मिनिटं मात्र जुन्याच सरासरीने ठरलेली. शिकणाऱ्या रेसिडेंटचंही नुकसान होतं. ठणठणीत माणूस कसा दिसतो हे पुरेसं बघितलेलंच नसेल तर बिघडलेला ओळखायचा कसा?

टीममध्ये डॉक्टरचा आवाज खाली येणं, ही मात्र मला तोट्याची गोष्ट वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे सगळीकडे आकडे इतके घवघवीत आले नाहीत. कागदावर खुणा करून मोकळं होणाऱ्यांना यादीचा उपयोग होत नाही. त्या यादीत एक मुद्दा आहे की सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. बाहेरून बालिश वाटतं. पण ज्या ज्युनियर सिस्टरने एकदा आपलं नाव मोठ्याने सांगितलं आहे, तिला दहा मिनिटांनी ‘सर, थांबा’ म्हणणं सोपं जातं. मेडिसिनच्या राउंडलाही हेच लागू. माझ्या राउंडवर प्रत्येक खाटेपाशी पहिलं वाक्य रात्रपाळीच्या सिस्टरचं असतं. “तीन नंबरने रात्री जेवण परत पाठवलं, आणि पहाटे मला मावशी म्हणून हाक मारली.” तापाच्या तक्त्यात काहीच नसताना डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम, पकडला जातो तो असा.

आता सातत्य, म्हणजे पेशंटला तोच डॉक्टर भेटत राहणं. १९९६ मध्ये वॉक्टर आणि गोल्डमन यांनी हॉस्पिटलिस्ट हा शब्द छापील चर्चेत आणला: फक्त दाखल झालेले पेशंट बघणारा, दिवसभर वॉर्डातच असणारा फिजिशियन. पद्धत झपाट्याने पसरली, आणि तिचे फायदे खरे आहेत. दुपारी तीनला पेशंट बिघडला तर डॉक्टर तिथे असतो. पण त्यामुळे घरच्या आणि वॉर्डातल्या डॉक्टरमध्ये एक दरी पडली आणि त्या दरीत बरंच काही पडतं. सुट्टी देताना कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट यायचा बाकी असतो. तो चार दिवसांनी येतो तेव्हा कोणाच्या नावावर येतो? वॉर्डात झोपेसाठी दिलेली गोळी घरी वर्षभर चालू राहते, कारण ती का दिली होती ते डिस्चार्ज समरीत नसतं. पेशंट आणि डॉक्टर तेच राहिले तर काय फरक पडतो यावरचे २२ अभ्यास २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले. त्यातल्या १८ अभ्यासांत सातत्य जास्त तिथे मृत्यू कमी असं दिसलं. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, त्यावरून कार्यकारण ठोकून सांगता येत नाही. तरीही एखाद्या गोळीबद्दल असा पुरावा असता तर ती विकायला केवढी झुंबड उडाली असती.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल रडगाणं गायला कुणालाच निमित्त लागत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ५७ डॉक्टरांच्या कामाचं घड्याळ लावून निरीक्षण झालं. पेशंटसमोर गेलेल्या दर तासामागे जवळजवळ दोन तास स्क्रीनवर आणि कागदपत्रांत गेले, शिवाय रात्री घरी जाऊन आणखी तास-दोन तास. नोंदी वाढल्या म्हणून त्या सुधारल्या असंही नाही. कालची नोंद उचलून आज चिकटवायची सोय आली आणि पाय गुडघ्याखाली काढलेल्या पेशंटच्या कागदावर ‘दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात’ हे वाक्य आठवडाभर मुक्कामाला राहू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटचं, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याचं, वर्णन केलं तेव्हा तो आजार म्हटला नाही, कामाच्या जागी निर्माण होणारी स्थिती म्हटलं. हा फरक व्यवस्थापनांनी नीट वाचावा. बर्नआउटचं मूळ कामाच्या रचनेत असेल तर डॉक्टरांना ध्यानाचे वर्ग लावून ते जाणार नाही.

आता यंत्राकडे. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या दिग्गजाने रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता बंद करावं असं जाहीरपणे म्हटलं होतं. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कमीच पडताहेत. तरीही यंत्राला हसण्यावारी नेऊ नका. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल स्वतःहून ओळखणाऱ्या एका प्रणालीला मान्यता दिली. फोटो काढायला तंत्रज्ञ पुरतो, वाचायला डॉक्टर लागत नाही. प्रश्न एकच, नीट आखलेला, आणि उत्तर तपासता येण्यासारखं: अशा जागी यंत्र उत्तम. ते येऊ द्या, ज्यांच्या डोळ्यांकडे आजवर कुणी बघितलंच नाही अशा असंख्य लोकांचं भलं होईल.

जिथे प्रश्नच धूसर असतो तिथली गोष्ट वेगळी. अनेक रुग्णालयांत बसवलेली, सेप्सिसचा (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याचा) इशारा देणारी एक प्रणाली २०२१ मध्ये एका विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्रपणे तपासली गेली. सेप्सिस झालेल्या दर तीन पेशंटांतले दोन तिने हेरले नाहीत, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के जणांवर इशारे वाजवले. याहून शिकण्यासारखं उदाहरण २०१९ चं. कुणाला जास्त काळजीची गरज आहे हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर अमेरिकेत लाखो लोकांवर वापरलं जात होतं. त्याला शिकवलं होतं पुढच्या खर्चाचा अंदाज बांधायला, आणि तो अंदाज ‘आजारीपणा’ म्हणून वाचला जात होता. कृष्णवर्णीय पेशंटांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, म्हणून ते यंत्राच्या लेखी कमी आजारी ठरले. गणित बरोबर होतं, विचारलेला प्रश्न चुकीचा होता. म्हणून नव्या फिजिशियनला कोडिंग आलं नाही तरी चालेल, पण कुठल्याही यंत्राच्या आकड्यासमोर तीन गोष्टी विचारता आल्याच पाहिजेत: हे नेमकं कशाचा अंदाज बांधतं, कोणत्या लोकांवर शिकलंय, आणि माझा पेशंट त्यांच्यासारखा आहे का. शिवाय एक उघड गोष्ट राहतेच. पेशंट दगावला तर नातेवाइकांसमोर बसायला यंत्र येत नाही.

आणि खुद्द पेशंट? त्याची जागा तर सगळ्यात जास्त बदलली आहे. इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलम खटल्यापासून निकष असा होता की, जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट जसं वागेल तसं तुम्ही वागलात की पुरे. पेशंटला किती सांगायचं हेही पुढे त्याच मापाने मोजलं गेलं. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात पेशंटला धोके सांगण्याच्या बाबतीत हे माप बदललं. मधुमेह असलेल्या एका गरोदर बाईला नैसर्गिक प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरांनी मुद्दाम सांगितला नव्हता. न्यायालयाने म्हटलं की पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा, इतर डॉक्टर काय करतात हा मुद्दा नाही.

याचा सोयीस्कर अर्थ काही डॉक्टरांनी असा काढला की सगळे धोके टक्केवारीसकट वाचून दाखवायचे आणि “आता तुम्ही ठरवा” म्हणून हात झटकायचे. जुन्या हुकूमशाहीपेक्षा मला हे जास्त निर्दय वाटतं. वयाने थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची किडनी निकामी झालीय आणि डायलिसिस सुरू करायचं का, हा प्रश्न घ्या. शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धांवरचा २००९ चा अमेरिकी अभ्यास सांगतो की डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात ५८ टक्के जण गेले, आणि फक्त १३ टक्के जणांची उठण्या-बसण्याची, स्वतःचं स्वतः करण्याची ताकद आधीइतकी राहिली. हा आकडा माहीत असणं हे कामाचं अर्ध. उरलेलं अर्ध संभाषणात असतं. मी नातेवाइकांना ‘डायलिसिस करायचं का’ असं विचारत नाही. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे वडिलांना सोडून दिल्यासारखं वाटतं आणि कुठलाही मुलगा ते म्हणू धजत नाही. मी विचारतो, “काका बरे होते तेव्हा त्यांचा दिवस कसा जायचा? त्यातलं काय गेलं तर ते म्हणाले असते, आता पुरे?” मग शांतता. मग कुणीतरी बोलतं, आणि ते बहुधा अनपेक्षित असतं. त्यानंतर मी माझं मत देतो, स्पष्ट शब्दांत: “मी यांना ओळखतो तेवढ्यावरून सांगतो, मी डायलिसिस करणार नाही, धाप आणि खाज आटोक्यात ठेवीन, आणि मी येत राहीन.” निर्णय त्यांचा असतो. पण मत न देणं म्हणजे पेशंटचा आदर करणं, हे मला कधीच पटलेलं नाही.

‘काही न करणं’ म्हणजे हार, या समजालाही आता पुराव्याने धक्का दिलाय. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ पेशंटांवर एक चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम (त्रास कमी करणं हेच काम असलेली टीम) मिळाली, त्यांनी शेवटी आक्रमक उपचार कमी घेतले, मन जास्त ठीक राहिलं, आणि ते जगलेही जास्त: मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९. नवं औषध असतं तर गाजलं असतं. इथे औषध नव्हतं, बसून केलेली बोलणी होती.

पैशाचं अवघड दुखणं शेवटी ठेवलंय, त्यात मी तज्ज्ञ नाही. पण तत्त्व सरळ आहे: व्यवस्था जे मोजते ते होतं, जे मोजत नाही ते गळतं. ब्रिटनमध्ये २००४ पासून जीपींना (तिथल्या फॅमिली डॉक्टरांना) ठरावीक निकष गाठल्याबद्दल पैसे मिळू लागले. मोजल्या जाणाऱ्या काही आजारांची काळजी सुधारली. पण २००९ च्या पाहणीत पेशंटला आपलाच डॉक्टर भेटण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं, कारण ते निकषात तसं नव्हतंच. थांबवलेलं औषध, न केलेला स्कॅन, तीन स्पेशालिस्टांना केलेले फोन, नातेवाइकांबरोबरचा तास: यांना बिलात कोड नाही. ही लढाई वॉर्डात जिंकता येत नाही. डॉक्टरांना समित्यांमध्ये, बजेटच्या बैठकांत बसावं लागेल, आणि ‘आम्ही क्लिनिकल माणसं, प्रशासनात पडत नाही’ हा आपला जुना तोरा सोडावा लागेल. तो तोरा मिरवला म्हणूनच आपल्या दहा मिनिटांचा हिशेब दुसऱ्यांनी ठरवला.

तर मेडिसिन घ्या का? हुशारीने निदान करून वाहवा मिळवायची हौस हेच मुख्य कारण असेल तर जरा थांबून विचार करा. ती मजा राहील, पण तिचा वाटा कमी होत जाणार. अर्धवट माहितीत निर्णय घेऊन तो पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायला तुम्हाला कंटाळा येत नसेल, तर जरूर घ्या.

आणि ट्रेनिंगची जागा निवडताना खाटा किती, मशीन कोणती हे विचारून झाल्यावर तिथल्या रेसिडेंटना बाजूला घेऊन हे विचारा: वॉर्डात बघितलेला पेशंट तुम्हाला ओपीडीत पुन्हा भेटतो का? सुट्टीनंतर आलेले रिपोर्ट कोण उघडतं? राउंडला फार्मासिस्ट असतो का, आणि तो बोलला तर कन्सल्टंट ऐकतात का? नातेवाइकांशी अवघड बोलणं चालू असताना सीनियर तुम्हाला शेजारी बसवतात, की बाहेर फॉर्म भरायला पाठवतात? चारांतल्या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर आलं तरी ती जागा सोडू नका.